लव्हेंडरच्या दोन जुड्या

२ जून
लव्हेंडर कापायला आलं आणि नेमकी आताच ही आजारी पडली! लेक गाडी थांबवून दवाखान्यात चला म्हणून ओरडतेय, आणि ही तापाने फणफणलेली, पायरीवर बसून जुड्या बांधतेय. "ही माझी, ही तुमची. बाकीचं तुम्ही कापा. रबरबँड सापडले की या दोन्हींवरही चढवा. देठ वाळले की आकसतात, सुतळी सैल पडते."
गेल्या. दोन्ही जुड्या मागच्या अंधाऱ्या खोलीत आकड्यांना उलट्या टांगल्या.

३ जून
दव सुकल्यावर सगळं कापलं. रबरबँड लावून ओळीने टांगलं. सातवी नापास माणसाला एवढं जमलं, पुष्कळ झालं.

५ जून
लेकीचा फोन — "आईला घोटभर पाणीही जात नाही, बाबा. अंगाची नुसती काडी झालीय."
खोलीत गेलो. बाकी सगळ्या जुड्या अजून ओल्या. माझीही हिरवीगार. हिची एकटीच करडी! हात लावला तर कुरकुरली. असं कसं?

६ जून
फोनवर ही स्वतः बोलली. "अहो, मला कुणी उलटं टांगलंय का हो? सगळं रक्त डोक्यात उतरतंय. काळोख आहे. वास मात्र छान येतोय."
लेकीने फोन ओढून घेतला — "तापात बरळतेय. मनावर घेऊ नका."
कसं नको घेऊ! धावत जाऊन हिची जुडी उतरवली. देठ तिरके छाटले, पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी केली. वाळलेलं कधी हिरवं होतं का? म्हणोत लोक वेडा.

८ जून
झालं! देठ हिरवे!!

९ जून
लेक हसत होती. "आई उठून बसली. डॉक्टरांनाच विचारते, हात धुतलेत का?" मीही एकटाच हसलो. हसताना ओठ फुटले. उकाडा फार. तांब्याभर पाणी प्यालो तरी तहान जात नाही. पट्टा एक भोक आत घ्यावा लागला.

११ जून
आणखी एक भोक. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तुम्हाला शिंक आली तरी डॉक्टर लागतो."

१२ जून
आली घरी! गालांवर लाली. माझ्याकडे बघतच राहिली. "हे काय हो? शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतोय!" मग खिडकीतला पेला पाहिला. "ही माझी. तुमची कुठेय?"
म्हणालो, आत आहे टांगलेली.
तेव्हा आठवलं — माझ्या जुडीवर रबरबँड चढवायचा राहिला.

१३ जून
आकड्याला सुतळीचा रिकामा फास. जुडी खाली पडलेली, फुलं सगळी झडलेली. ही अंगणातून हाका मारतेय. ओ द्यायचीय. घसा इतका कोरडा — आवाजच फुटत नाही.