माझ्या खुर्चीत बसलेली बाई

९ नोव्हेंबर, सौंसर

पोचले एकदाची. अमरावतीहून सकाळी निघाले, पांढुर्ण्याला गाडी बदलली आणि तिथून पुढे खिडकीतून बघत राहिले, संत्र्याच्या बागाच बागा. शेजारच्या बाईनं ओळख ना पाळख, पिशवीतून संत्री काढून माझ्या ओटीत टाकली. म्हणाली, "घ्या, घरचेच हायेत." म्हटलं, हे गाव आपल्याला मानवणार.

खोली हवेशीर आहे, कपाटाला माणसाएवढा आरसाही आहे. घरमालकीण वच्छलाकाकू शाळेतून रिटायर झालेल्या. मुलगा कुलदीप शेतीच्या औषधांचं दुकान चालवतो. ते खाली, मी वर. दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर, चालत जाण्यासारखा. पाटीसुद्धा लागली: डॉ. अमृता ठोंबरे, होमिओपॅथी. पाटी हिंदीत आणि पेशंट मराठीत, असा इथला कारभार.

१३ नोव्हेंबर

पेशंट येऊ लागलेत. पुड्या बांधायला मोनाली आहे, इथलीच, चुणचुणीत. दिवसभर तिचं तोंड बंद नसतं, पण हात त्याहून भरभर चालतात. दवाखान्याच्या शटरची स्प्रिंग गेलेली आहे. मोनाली ते वर ढकलते आणि खाली लोखंडी रॉड अडकवते. कुलदीप म्हणाला, मिस्त्रीला सांगून ठेवलंय.

१८ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. रामाकोन्याहून हेमराज नावाचे शेतकरी बायकोला घेऊन आले. शकुंतलाबाई संत्री तोडताना शिडीवरून पडल्या होत्या. डोक्याला टेंगूळ, रक्त नाही. हेमराजना अर्निकाच्या गोळ्या हव्या होत्या, बाकी काही नको होतं. शकुंतलाबाईंनी मला विचारलं, तुम्ही कोणत्या गावच्या. मी सांगितलं. जरा वेळानं पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. खोदून विचारलं तेव्हा कळलं, रस्त्यात ओकाऱ्या झाल्या होत्या. चालताना झोकांड्या जात होत्या आणि डोळे मिटून येत होते.

मुक्या मारावर मी अर्निका देते, माझा त्यावर विश्वास आहे. पण डोक्याला लागल्यावर माणूस तेच तेच विचारू लागला, ओकू लागला, पेंगू लागला, की गोळ्यांचा विषय संपला. आधी मोठं हॉस्पिटल, आधी सीटी स्कॅन. हेमराज कुरकुरले. म्हणाले, "पण ते तर म्हनून राहिली का मले काहीच नाही झालं." मी म्हटलं, भाऊ, या दुखण्यात पेशंटचं म्हणणं धरायचं नसतं. कुलदीपनं स्वतःच्या गाडीतून त्यांना नागपूरला पोचवलं.

२० नोव्हेंबर

हेमराजचा फोन. डोक्यात रक्त साकळलं होतं. वेळेवर पोचले म्हणून वाचली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. फोनवर रडत होते. मोनालीनं ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या बाजारात पसरवली. मी तिला रागावले, पण मनातून सुखावले होते.

२२ नोव्हेंबर

सकाळी शटर डोक्यावर आलं. वाकून आत जात होते आणि रॉड निसटला. उजव्या कानाच्या वर लागलं. मोनाली म्हणते, तिनं हाका मारूनही मी जरा वेळ उठले नाही. मला तसं आठवत नाही. मला वाटतं मी लगेच उठले. टेंगूळ आलंय, बस. अर्निका २०० घेतली आणि पेशंट बघितले. काकूंनी हळद लावली आणि नागपूरला दाखवून येऊ म्हणाल्या. त्यांना समजावलं की डॉक्टर मीच आहे.

२४ नोव्हेंबर

डोकं ठणकतंय. उजेड सहन होत नाही. मोनालीच्या बांगड्यांचा आवाज थेट दातांत जातो. डोळे मिटून पेशंट तपासले. अर्निका पुन्हा घेतली. पोटात ढवळतंय, काल वांग्याची भाजी तिखट होती.

२५ नोव्हेंबर

एक विचित्र गोष्ट. दुपारी आईला फोन केला. ती म्हणाली, अगं, सकाळपासून तू किती वेळा करतेस, आणि दर वेळी तेच सांगतेस. मी आज पहिल्यांदाच केला होता. मोबाईलमध्ये बघितलं तर आईचा नंबर खरंच पुन्हा पुन्हा लावलेला. म्हटलं, माझ्या आवाजात कोण बोललं मग? आई म्हणाली, घरी ये.

२६ नोव्हेंबर

लोधीखेड्याच्या मास्तरांना औषध द्यायला बसले, तर मोनालीनं हात धरला. म्हणाली, "मॅडम, तुमीच त देल्ली ना आत्ता त्याईले." मी दिलेली नाही. मास्तरांच्या हातात मात्र पुडी होती आणि तिच्यावर माझं अक्षर, जरा तिरकं गेलेलं. मास्तर माझ्याकडे असे बघत होते जसं —

मी चहाला उठले होते, तेव्हा माझ्या खुर्चीत कोणीतरी बसलं असणार. मोनालीला विचारलं, ती रडायला लागली. रडायचं काय त्यात.

२७ नोव्हेंबर

जेवायला खाली गेले. काकू म्हणाल्या, "बेटा, तू मघाच जेवून गेली न." ताट दाखवलं, खरकटं. भाकरीचा तुकडा उरलेला. मी कडा तोडून ठेवते तशाच तोडलेल्या. म्हणजे ती इथपर्यंत आली. माझ्या जागेवर बसून जेवली आणि काकूंना फरक कळला नाही.

की कळला आणि सांगत नाहीत?

नेट्रम सल्फ घेतलं. डोक्याच्या जुन्या मारावरचं औषध. कोणाच्या डोक्याला लागलं होतं ते आता

२८ नोव्हेंबर

उलटी. दवाखान्यात गेले नाही. मोनाली आली होती, कुलदीपशी जिन्यात कुजबुजत होती. "नागपूर" ऐकू आलं. "जबरदस्तीनं" ऐकू आलं. मला बाहेर काढायचं आणि तिला ठेवून घ्यायचं, असं काहीतरी ठरतंय. त्यांना ती आवडते. ती भांडत नसेल.

कप हातातून पडला. डाव्या. मी धरला होता नीट.

२९ नोव्हेंबर

डाव्या पायातली चप्पल जिन्यात राहते. मला कळत नाही. कोणीतरी काढून घेतं. कोणीतरी म्हणजे तीच.

काकूंनी कपाळावर हात ठेवला. मी ओरडले त्यांच्यावर. फार वाईट बोलले. त्या जिन्यात बसून रडत होत्या. मला वाईट वाटलं आणि लगेच झोप लागली. उठले तेव्हा उजाडलं होतं की मावळत होतं, समजलं नाही.

३० नोव्हेंबर

झोपच झोप. मध्येच ती खोलीत असते. दिसत नाही. श्वास ऐकू येतो, घोरल्यासारखा. डोळे उघडले की थांबतो.

ते पाण्याचं — प्यायचं — काय म्हणतात त्याला. तांब्या. तांब्या. लिहून ठेवलं.

आईचा फोन. निघालेय म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. तिलाही ही बाईच भेटेल आणि ती

१ डिसेंबर, दुपार

पडदे ओढले. कडी लावली. कडीला टेबल.

बाहेर सगळे. काकू गोड बोलतात. मोनाली म्हणते, "मॅडम, पाया पडतो, दार उघडा ना." कुलदीप म्हणतो गाडी दारात उभी आहे, उघडलं नाही तर तोडतो. कुऱ्हाड म्हणाला बहुतेक. शेजाऱ्यांकडून आणायला गेला कोणी.

का तोडायचं. मी काय केलं त्यांचं.

डोकं

ती आत आहे.

कपाटाजवळ. उभी. मी वळले तशी वळली. माझाच गाऊन घातलाय, पुढे सगळा ओकून भरलेला. मी लिहिते तर तीही

घाबरले. फार. भिंतीला टेकून बसले. तीही बसली.

पण चेहरा. तिच्या चेहऱ्याची एक बाजू खाली आलीय. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. केस विंचरलेले नाहीत किती दिवस.

जवळ गेले. सवयीनं. मोबाईलचा उजेड तिच्या डोळ्यांत — एक बाहुली बारीक झाली. दुसरी नाही. मोठी. काळी. तशीच.

विचारलं, बाई, कधी लागलं तुम्हाला. ओठ हलले. आवाज नाही.

हिला कोणी बघितलंच नाही. इतके दिवस घरात फिरतेय, माझं ताट, माझी खुर्ची, आणि कोणी विचारलं नाही बाई तुला काय होतंय. मीसुद्धा. मी तर तिला

ही वाचायची नाही अशी ठेवली तर. आत्ता नेली पाहिजे. आत्ता.

मोठ्यानं सांगितलं, आत पेशंट आहे. शब्द नीट निघाले नसतील. मग काकूंचा आवाज, हो बेटा, हो, तिला घेऊन ये बाहेर.

टेबल. डावा हात लागत नाही कामाला. खांद्यानं. सरकलं.

कडी काढली. कुलदीप, थांब, ढकलू नको, ती दाराशी नाही, ती तिकडे आहे. एकटी. मी आणते.

म्हटलं, चला बाई, गाडी आहे. घाबरू नका. मी आहे बरोबर. हात द्या.

तिनंही हात पुढे केला आणि