कांदा कुणाला परत करायचा?

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. ओव्हनमध्ये डोकं घालून काय जळतंय ते बघत असताना तुझी आठवण आली.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? मी मजेत आहे, म्हणजे डाव्या हाताची दोन बोटं सोडून.

तुझ्या भाचीनं, आमच्या चिमीनं, मला रविवारपर्यंत मुदत दिली आहे. रविवारी ती जेवायला येणार. मी स्वतः रांधून वाढलं आणि ते तिच्या घशाखाली उतरलं, तर मी या घरात एकटा राहायला लायक; नाही तर बॅग भरायची आणि तिच्याकडे जायचं. लेक गुणाची आहे, आणि जावई इतके सभ्य की त्यांच्याशी भांडताही येत नाही. पण ताई, मला जायचं नाही. तुझी भावजय गेल्यापासून घर रिकामं आहे हे कबूल, पण ते माझं रिकामं घर आहे.

म्हणून माळ्यावरून हिची पाककृतींची जुनी मासिकं काढली. त्या मासिकाची मुद्रितं सव्वीस वर्षं मीच तपासली, हे तुला ठाऊक आहे. (घरी अंक फुकट यायचा तो त्यामुळेच.) चहापलीकडे काही न रांधता मी हजारो पाककृती ओळ न् ओळ वाचल्या, तेव्हा वाटलं, आपल्याला काय अवघड आहे? पहिल्या दिवशी बटाट्याचं सूप धरलं. छापलं होतं, ‘एक मोठा कांदा चिरून तेलात घालावा व दहा मिनिटांत परत करावा.’ आता कांदा मी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडूनच आणला होता, त्यामुळे सूचना चोख वाटली. बरोबर दहाव्या मिनिटाला तेलानं निथळणारा कांदा वाटीत घालून त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी वाटी घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “घरी कुणी असतं का हो तुमच्याजवळ?”

जिना चढताना डोक्यात प्रकाश पडला. मूळ लेखिकेनं ‘परतावा’ लिहिलं असणार, मला ते अर्धवट वाटलं असणार, आणि मी तांबड्या शाईनं ‘परत करावा’ असं नीटनेटकं केलं असणार. मग एकेक अंक चाळत बसलो आणि मला घाम फुटला. ‘मटार वाटून घ्यावेत’ याच्या आधी मी ‘सर्वांनी समान’ घातलंय. ‘पालेभाजी निवडावी’ याच्या आधी ‘आवडीची’. ‘अंडी पाच मिनिटे जोरात फेकावीत’ हा मात्र छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचा प्रताप. मी तो जाऊ दिला, कारण व्याकरणात खोट नव्हती. (मी एकच फेकून पाहिलं. भिंत अजून चिकट आहे.) काल पुडिंग केलं. ‘पुढील कृती पान ४१ वर’ असं होतं, तिकडे गेलो, तर तिथे चांदीची भांडी उजळण्याची युक्ती निघाली. हे मला खडूची पूड घालून ढवळल्यावर कळलं. पुडिंग टाकून दिलं, चमचा मात्र लखलखीत झाला.

सव्वीस वर्षांत एकाही बाईची तक्रार आली नाही, याचा मला केवढा अभिमान होता! आता कळतं, त्या आमचं वाचून मुकाट्यानं आपल्या मनाचं करत होत्या. आणि ही तर, ताई, प्रत्येक अंकात माझी दुरुस्ती पेन्सिलीनं खोडून मूळचं लिहून ठेवायची. सूपवाल्या अंकात खूण नाही, कारण तो तिच्या आजारपणातला. मला एका शब्दानं बोलली नाही गं कधी. ते पाहून मला रडू आलं, आणि रागही आला. एकदा तरी बोलायचं होतं.

असो. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. शनिवारी येऊन रविवारचं जेवण करून ठेवशील का? चिमी साडेबाराला येईल. तू सकाळीच मागच्या जिन्यानं निघून जा. मी कपाळाला थोडं पीठ लावून उभा राहीन.

आणखी एक ता. क. तुझ्या हातचं खायचं, तर एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही. लग्नानंतर सासूबाईंच्या वाढदिवसाला तू केक केलास, तो ओव्हनचं दार ढकलून बाहेर आला आणि सासूबाई शेवटपर्यंत तुला ‘सोडावाली’ म्हणत राहिल्या. मुळात ‘पाव चमचा सोडा’ असं होतं. त्यातल्या ‘पाव’नंतरचा स्वल्पविराम माझा. ‘केकमध्ये पाव कसा?’ म्हणून तू विचारायला आलीस, तेव्हा छातीठोकपणे ‘बरोबर आहे’ म्हणणाराही मीच. क्षमा कर, पण शनिवारी ये. चिमी आत्ताच आली आहे. पत्र तिच्याच हाती पेटीत टाकायला देतो, म्हणजे तिला संशय यायचा नाही.

आत्या, बाबांनी पाकीट उघडंच दिलं आणि मी सगळं वाचलं. सोड्यावरून त्यांना हवं तेवढं झाप, पण शनिवारी नक्की ये. मला काही माहीत नाही. तुला जमणार नसेल तर फोन कर. शनिवारी संध्याकाळी बाबा फिरायला गेले की मीच येऊन सगळं करून ठेवीन, आणि रविवारी पहिला घास घेऊन चकित होईन. – चिमी