डावं फुप्फुस

९ जानेवारी

सोनोग्राफीवाल्या मॅडम बोलता बोलता थांबल्या. तोवर हात, पाय, मणके दाखवत होत्या. मग स्क्रीन स्वतःकडे वळवली!

"डाव्या फुप्फुसात पाण्याच्या पोकळ्या दिसताहेत. गाठीसारखं आहे. हृदय उजवीकडे ढकललं गेलंय. पुण्याला दाखवून घ्या."

वीस आठवडे झालेत. परतताना सात रस्ता चौकाच्या सिग्नलला अजिंक्य म्हणाला, "मशीन चुकत असंल." पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माझा नवरा — त्याला आधी मशीनचाच संशय.

१० जानेवारी

गावाहून सासूबाई आल्या. चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "गिरानात काय चिरलंवतंस का गं?"

ग्रहण कधी होतं तेही मला आठवत नाही. आत गेले, दार लावून घेतलं.

१२ जानेवारी

शाळेत आठवीला श्वसनसंस्था होती. तो धडा सोडून पुढचा घेतला.

१७ जानेवारी

अजिंक्य म्हणतो, थांबवू या. "जन्मून तडफडण्यापरीस... परत हुईल की आपल्याला." माझ्याकडे न बघता बोलला. राग आला नाही. मलाही तेच वाटून गेलंय — कुणाला सांगितलं नाही, इथंच लिहिते.

पण सकाळी चहा घेतला की बाळ हलतं. रोज.

२४ जानेवारी, पुणे

सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. डॉक्टरांनी नीट समजावलं. पोटात बाळाला फुप्फुसाची गरज नसते, सगळं आईकडून मिळतं. प्रश्न बाहेर आल्यावरचा. गाठ वाढली, अंगात पाणी साठलं, तर अवघड. नाही वाढली तर जन्मानंतर ऑपरेशन — अशी बरीच मुलं चांगली जगतात. थांबवायचं असेल तर चोवीस आठवड्यांच्या आत ठरवा.

"पण खात्री?" मी विचारलं.

"ती मी देऊ शकत नाही."

आम्ही उठलो, तेवढ्यात सासूबाई मागून — "डाक्टर, आईच्या चुकीनं हुतं का हे?"

"नाही आजी. कुणाचीच चूक नसते."

"गिरानात भाजी चिरली तरी?"

"तरी."

त्या तिथंच फरशीवर बसल्या. तोंडात पदर कोंबून रडल्या. रडता रडताच सांगितलं — अजिंक्यच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. तासाभरात निळी पडली, गेली. घरच्यांनी ग्रहणाचं खापर यांच्या डोक्यावर फोडलं. अडतीस वर्षं! अजिंक्यलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी दारात त्या मला दोष देत नव्हत्या. स्वतःचंच विचारत होत्या.

२५ जानेवारी

एसटीत मी म्हणाले, "ठेवायचं." अजिंक्य खिडकीबाहेर बघत राहिला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तिला ठरवू दे की. मला तवा कुनी कायच इचारलं न्हवतं."

२० मार्च

तिसावा आठवडा. गाठ वाढलेली नाही. बाळाच्या अंगात पाणी साठलेलं नाही. देवा!

अजिंक्य पुण्याला नेतो, गोळ्यांच्या वेळा पाळतो. पण तपासणीच्या खोलीत येत नाही. बाळाबद्दल एक शब्द नाही. अजून नकोच आहे का त्याला?

१४ मे, पुणे

मुलगी. रडली, पण बारीक. मला जेमतेम दाखवली आणि श्वासाची नळी घालायला घेऊन गेले.

१८ मे

ऑपरेशन झालं. साडेतीन तास. फुप्फुसाचा खालचा भाग काढला. डॉक्टर म्हणाले, उरलेलं चांगलं आहे, दोन दिवसांत नळी काढू.

सिस्टरनी ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मची प्रत दिली. 'बेबी ऑफ रेश्मा' असं छापलेलं. त्यावर काट मारलेली. वर अजिंक्यच्या अक्षरात — अक्षता.

मला विचारलंसुद्धा नाही!