छातीचा फोटो

४ मार्च १९६२, रविवार. अकोला.
नवी वही. ही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. माझ्या बायकोने, ललिताने तर मुळीच नाही. (ती वाचते, म्हणून लिहून ठेवलं.)
काल जर्मनीहून पत्र आलं. मागच्या वर्षी आमच्या कापसाच्या जिनात नवं मशीन बसवायला क्रूगर नावाचा जर्मन फिटर आला होता. सव्वा महिना त्याच्या हाताखाली मीच होतो. जाताना म्हणाला, आमच्याकडे शिकायला ये. माणूस शब्दाचा पक्का निघाला. त्याच्या कारखान्याने एक वर्षाच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला बोलावलं आहे. १ ऑक्टोबरला हजर व्हायचं. त्याआधी तिथे राहण्याचा परवाना काढायचा, तो मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीमार्फत. किरकोळ काम आहे. दीड महिन्यात संपवतो.
संकल्प: रोज वीस जर्मन शब्द. बिडी बंद. पहाटे पाचला उठणे.

५ मार्च. सकाळी पावणेआठ.
उठलो. शब्द पुस्तक मिळाल्यावर सुरू करायचे. बिडीचा बंडल अर्धा शिल्लक आहे, तो फेकणं म्हणजे उधळपट्टी.

२२ मार्च, गुरुवार.
परवान्याचा फॉर्म आला. दोन प्रती, चार फोटो, शाळेचा दाखला, मालकाचं पत्र, पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. शेवटी छातीचा एक्सरे, सरकारी डॉक्टरच्या सहीचा. तो रिपोर्ट आपल्या हाती मिळत नाही, डॉक्टर परभारे वकिलातीला पाठवतो.
छातीचा कशाला, कळत नाही. काम तर हातांनी करायचं आहे.
फाईल घेतली. खाकी पुठ्ठ्याची. वर मोठ्या अक्षरात: श्रावण डोमाजी तायडे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख लाल शाईने. जर्मन लोकांना शिस्त आवडते.

१४ एप्रिल, शनिवार.
जयंती. वस्तीत मिरवणूक, मग सभा. नत्थुजी मास्तरांनी मला वर बोलावलं. म्हणाले, बाबासाहेब सायबाच्या देशात शिकून आले, आता आपला श्रावण चालला. टाळ्या. मी दोन शब्द बोलायला उठलो आणि पंचवीस मिनिटं बोललो. परत आल्यावर वस्तीतल्या पंधरा पोरांना फिटर करीन, असं जाहीर केलं. पुढे अजून होतं, पण खोकल्याची उबळ आली.
माय रडली. देवमनदादा पार मागे उभा होता. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा एकालाच शिकवणं जमणार होतं. दादा चौथीतून उठला आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करू लागला. दोन मणाचं पोतं हसत उचलतो. घरी येताना म्हणाला, तू बोलून राहिला होता तं मले वाटे मीच बोलून राहिलो.

३० एप्रिल, सोमवार.
शाळेच्या दाखल्यावर जुनी जात, फॉर्मवर मी धर्म बौद्ध लिहिलेला. कचेरीतला कारकून म्हणाला, तुमी दोन मानसं हा का एक? मी त्याला सहा वर्षांपूर्वीच्या दीक्षेची सगळी हकिकत सांगितली. त्याने सही केली ती बहुतेक मी थांबावं म्हणून. काम झालं ना.
शब्द: एकूण सात.

७ मे, सोमवार.
एक्सरेला आज जायचं होतं. ऊन फार. गेलो नाही.

१४ मे, सोमवार.
एक्सरेला निघालो. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात काढायचा ठरवला आहे, अकोल्यात सगळे ओळखतात. गाडी चुकली.
(स्टेशनवर अर्धा तास आधी पोचलो होतो. गाडी आली आणि गेली.)

२० मे, रविवार.
शांतपणे विचार केला. मी खोकतो हे खरं. पण जिनात सगळेच खोकतात. रुईचा तूस छातीत जातो, म्हणून मालक गूळ वाटतो. मी गूळ खातो आणि खोकतो. बापही त्याच जिनात होता, तोही खोकायचा. त्याचं पुढे जे झालं ते वेगळं प्रकरण आहे.
आता एक्सरेचं मशीन परदेशी. त्याला क्षय समजतो, रुई समजत नाही. ते गैरसमज करून घेणार. म्हणजे माझी खरी प्रकृती कागदावर यायची असेल, तर छाती दुसऱ्या कोणाची तरी पाहिजे. यात खोटेपणा नाही. ही टेक्निकल दुरुस्ती आहे.
दादाचा चेहरा अगदी माझ्यासारखा. फक्त मिशी.

२३ मे.
दादाला सांगितलं. जेवताना सांगितलं. आम्ही दोघं भाऊ लहानपणापासून एकाच ताटात जेवतो. मायचा नियम आहे, एका ताटातले भाऊ वेगळे होत नाहीत म्हणते. लग्नं झाली तरी ताट तेच, मोठं, पितळी.
दादाने फार विचारलं नाही. म्हणाला, फोटोच काढाचा हाय ना, मंग काढू. मिशीचं ऐकल्यावर मात्र घास हातातच राहिला. मग म्हणाला, उगंल पुन्हा.

२८ मे, सोमवार. अमरावती.
बडनेऱ्याला गाडी बदलून साडेदहाला पोचलो. दादाला आठ वेळा घोकून घेतलं: नाव श्रावण, वय चोवीस, धंदा फिटर. आतून हाक आली, श्रावण डोमाजी तायडे. सवयीने मी उठलो. दादाने मला खाली बसवलं आणि आत गेला.
बाहेर येऊन म्हणाला, श्वास धरा म्हने, मी धरला, मंग सोड म्हनालेच इसरला तो. दोघंही खूप हसलो. परत येताना दादा गाडीत झोपला. हात लागला तर अंग गरम. हमालाचं अंग गरमच असायचं.
जमुनावहिनी मिशीवरून माझ्याशी बोलत नाही. बायकांना मोठ्या गोष्टी कळत नाहीत.

३ जून.
फाईल पूर्ण, उद्या कागद मुंबईला रवाना. इतकी नीट फाईल आख्ख्या वऱ्हाडात नसेल. तीन वेळा चाळली. परत आल्यावर आधी वर्कशॉप की आधी घर, हे ठरत नाही.
शब्द: अकरा. चार बहुधा चुकीचे.

१९ जून, मंगळवार.
अमरावतीच्या दवाखान्याची चिठ्ठी. श्रावण डोमाजी तायडे यांच्या दोन्ही फुप्फुसांत क्षयाची स्पष्ट चिन्हं आहेत, उपचारासाठी ताबडतोब हजर व्हावं.
फोटोंची अदलाबदल झाली असणार. तिथे गर्दी किती होती.
चिठ्ठी जर्मनच्या पुस्तकात ठेवली आहे. ते कोणी उघडत नाही.

२४ जून.
दादा हल्ली ताटावरून लवकर उठतो. अर्धी भाकरीसुद्धा खात नाही. माझ्यासाठी ठेवत असेल, परदेशात जायचं म्हणून. चांगला भाऊ आहे.
त्याने ठेवलेलं मी खातो. टाकायचं कशाला.

२ जुलै, सोमवार.
आज एक काम केलं. इथल्याच एका खाजगी डॉक्टरकडे जाऊन स्वतःचा एक्सरे काढला. माझं नाव कागदावर आधीच खराब झालेलं, म्हणून नाव दिलं देवमन डोमाजी तायडे.
डॉक्टरने काच उजेडात धरली. म्हणाला, छाती साफ आहे. रुईचा खोकला आहे, तोंडाला फडकं बांधत जा, बिडी सोड.
म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होतो. रुईच होती. रस्त्याने मोठ्याने जर्मन शब्द म्हणत आलो. तासभर झाला तसा आनंद मला जन्मात झाला नव्हता.
मग टिळक रोडच्या कोपऱ्यावर आठवलं की अमरावतीचा फोटो कोणाचा होता.

३ जुलै.
दादाला रविवारी सांगतो. कामाच्या दिवशी अशा गोष्टी सांगू नयेत.

८ जुलै, रविवार.
पाहुणे आले होते.

१५ जुलै, रविवार.
दादा आज फार खुशीत होता. मिशी पुन्हा दिसायला लागली आहे. त्याचा मूड कशाला घालवायचा. शिवाय आता सांगितलं आणि दवाखान्यात बोभाटा झाला की लबाडी वकिलातीपर्यंत जाणार. आधी परवाना हातात येऊ दे. त्याच दिवशी सांगतो.

२० जुलै, शुक्रवार.
वकिलातीचं पत्र, सोबत माझे सगळे कागद परत. परवाना देता येत नाही. अर्जदाराने उपचार घ्यावेत, आणि त्याच दवाखान्याचा बरं झाल्याचा दाखला मिळाल्यावर पुन्हा अर्ज करावा. कारखाना वर्षभर जागा राखून ठेवील.
पुन्हा अर्ज करावा, असं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे नकार नाहीच.

२१ जुलै, शनिवार.
दादा मालधक्क्यावर रक्त ओकला. बरोबरचे हमाल सांगत होते, पाठीवर पोतं होतं, ते आधी नीट थप्पीला लावलं आणि मग खाली बसला.
आता सांगणं भाग होतं. सांगितलं.  दादाने विचारलं, चिठ्ठी कईं आली होती?
काल, असं मी म्हणालो.
म्हणाला, मंग ठीक हाय, लय उशीर नाई झाला.

२३ जुलै. अमरावती.
दादाला भरती केलं. तिथल्या रजिस्टरमध्ये नाव आधीचंच, श्रावण. बदललं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं, आणि दाखला तर माझ्याच नावाने हवा. दादानेच म्हटलं, राहू दे ना तुह्यं नाव, औषद नाव पाहून लागते काय. भाऊ म्हणून मी सही केली, देवमन तायडे. नर्स श्रावण म्हणून हाक मारते तेव्हा दोघंही वळून पाहतो.

१२ ऑगस्ट.
दर रविवारी जातो. रोज सुई आणि गोळ्या. भिंतीवर तक्ता लावला आहे: डिसेंबरला दादा बरा, जानेवारीत दाखला, मार्चमध्ये परवाना. दादा बरा व्हावा असं माझ्याइतकं कोणाला वाटत नसेल.
त्याने विचारलं, आता मिशी ठेवू काय? मी म्हटलं, दाखल्यावर फोटो लागेल, तोवर थांब. वस्तरा मीच नेला होता. गालाची हाडं वर आली आहेत, मिशी फार जपून काढावी लागली.

१ ऑक्टोबर, सोमवार.
आज हजर व्हायचं होतं. जिनात ऑइलिंग केलं. हंगाम सुरू होतो आहे.
वकिलातीची आणि दवाखान्याची चिठ्ठी दोन्ही फाईलला लावल्या. पुस्तकात मुडपत होत्या.

१४ ऑक्टोबर.
दादा बोलायला थकतो. मला म्हणाला, जर्मनचा एक शब्द सांग. मी सांगितला, डांके, म्हणजे उपकार झाले. त्याने दोनदा म्हणून पाहिला. मला तिथे बसवेना. बाहेर जाऊन दोन बिड्या ओढल्या.

६ नोव्हेंबर, मंगळवार.
देवमनदादा पहाटे गेला.

९ नोव्हेंबर.
रेडिओवर लढाईच्या बातम्या चालू आहेत. घरी कोणी ऐकत नाही. अमरावतीहून मृत्यूचा कागद आणला. त्यावर नाव श्रावण डोमाजी तायडे, वय चोवीस, धंदा फिटर.
जमुनावहिनीला नवरा गेल्याचा कागद पाहिजे, त्याशिवाय मालधक्क्यावर तिचं कोणी ऐकत नाही. हा कागद ललिताच्या उपयोगाचा आहे. सोमवारी जाऊन नाव दुरुस्त करून आणतो. किरकोळ काम आहे.

१२ नोव्हेंबर, सोमवार. अमरावती आणि घर.
माय आणि जमुनावहिनी बरोबर होत्या, कागदावर अंगठे उठवायला. कारकून म्हणाला, तुमी श्रावण आणि तुमी जित्ते हा, याचा पुरावा काय?
मी फाईल पुढे ठेवली.
शाळेचा दाखला, मालकाचं पत्र, पोलिसांचा दाखला, चार फोटो. त्याने एकेक कागद उलटला आणि म्हणाला, लोकं फाटके कागद घेऊन येतात, अशी फाईल नाई पाह्यली. आठ महिन्यांत तिला कोणी चांगलं म्हटलं ते हेच. मग त्याने विचारलं, तर मग त्याच्या छातीचा फोटो तुमच्या नावाने का काढला? मी सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं. टेक्निकल दुरुस्ती हा शब्द तोंडात आला नाही.
तो जबानी लिहून घेत होता. दवाखान्याची चिठ्ठी हातात घेतली, कोपऱ्यातली लाल शाई पाहिली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: चिठ्ठी मिळाली, एकोणीस जून. भरती, तेवीस जुलै. बरोबर ना?
बरोबर, मी म्हणालो.
माय आणि वहिनी मागे बाकावर होत्या. मायला वाचता येत नाही, पण महिने येतात.  परतीच्या गाडीत वहिनी दुसऱ्या डब्यात बसली.
घरी आल्यावर मायने जेवायला वाढलं. तेच मोठं पितळी ताट, आणि त्यात दोघांचं. म्हणाली, त्याचंही खात होता ना. खाय.