सात चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पेटी उघडली. सगळ्यांसमोर.

वर्गातल्या शिवणवालीची थोरली बहीण आली होती. शिवणवालीच्या दफनविधीला अजून आठवडाही झाला नाही. म्हणाली, तिच्या हातचं काही लिहिलेलं असेल तर द्या, घरात नुसती गिऱ्हाइकांची मापं सापडतात. मी तिची चर्चमधल्या शिष्यत्व-वर्गाची पुस्तिका दिली. चाळीस धडे, सगळे भरलेले, उत्तरं सगळी बरोबर. बहिणीने पानं उलटली.

"ही तर तुमचीच वाक्यं आहेत, बाई. तिचं काही?"

मग पाळकसाहेबांना पेटी आठवली. वर्गाची रीतच आहे — प्रार्थनेच्या चिठ्ठ्या निनावी, घडी घालून पेटीत टाकायच्या. पेटीवर हात ठेवून प्रार्थना करायची. वाचायच्या नाहीत; वाचणारा वर आहे. वर्गाचं वर्ष ईस्टरला संपलं की न उघडता जाळायच्या. रीत मी घातलेली, कुणाचं गुपित चारचौघांत येऊ नये म्हणून. किल्लीही माझ्याकडेच.

बहिणीने अक्षर लगेच ओळखलं. सात चिठ्ठ्या निघाल्या.

"छातीत गाठ लागते. तपासायला एकटीने जायची भीती वाटते. वर्गातली कोणी सोबत येईल का?"

सातही जवळजवळ अशाच. शेवटच्या चिठ्ठीत 'कोणी' खोडून 'कोणीही' केलंय.

बहीण रडली नाही. दवाखाना इथून किती लांब, एवढंच विचारलं. चालत दहा मिनिटं!

५ फेब्रुवारी

जेवण जात नाही. वर्षभर ती माझ्या डाव्या हाताला बसायची. गाठही डाव्या बाजूला होती म्हणे.

८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर बैठक. पद्धत चुकली, असं ठरलं. ठरल्यावर सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मलाही. फक्त निवृत्त मुख्याध्यापिका काकू म्हणाल्या, "चाळीस धडे शिकवले, दार एक वाजवलं नाही. शिष्य कसले, परीक्षार्थी तयार केले आपण!"

नवी पद्धत आखायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं मला पटापट जमतात.

२२ फेब्रुवारी

पेटी बंद. तिघी-तिघींचे गट केले. धडे निम्मे. आठवड्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं — आधी विचारपूस, मग वचन, मग पुढच्या आठवड्यात कुणी कुणाबरोबर कुठे जायचं ते. काकूंनी आधीच बजावलं की घरी पसारा आहे, कळवल्याशिवाय यायचं नाही. वर्गातल्या नर्सबाई म्हणाल्या, आम्ही पसाराच बघायला येतोय.

चाललंय. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी पहिल्यांदाच सांगितलं, मुलगा दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नाही. चार वर्षं मी त्यांना शिकवते आहे. त्यांना मुलगा आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

१ मार्च

कुणाच्याही घराची बेल वाजवली की वाटतं, दार तीच उघडणार. गळ्यात माप घ्यायची टेप. "उशीर केलात, बाई," एवढंच म्हणणार. तेही रागाने नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

७ मार्च

आज नर्सबाईंसोबत भाजीवाल्या मावशी तपासणीला गेल्या. साधी रक्तदाबाची. परत येताना दोघी हसत होत्या. मी खिडकीतून बघितलं आणि आत जाऊन बसले.

१५ मार्च, रविवार

शेजारच्या चर्चच्या मंडळीने नवी पद्धत समजून घ्यायला बोलावलंय. पाळकसाहेबांनी उपासनेत सगळ्यांसमोर कौतुक केलं. म्हणाले, कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा दोष कुणाचाच नाही. पण त्या दुःखातून बाईंनी वाट काढली.

बहीण शेवटच्या बाकावर होती. बाहेर पडताना तिने माझा हात धरला. हात अगदी धाकटीच्या हातासारखा, बोटांवर सुईचे बारीक डाग.

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही गेला असता, बाई."

मी मान डोलावली.

१६ मार्च

मला कळलं होतं. जूनमध्ये एकदा पेटी उघडली — नुसतं कुतूहल. हाताला लागलेली एकच चिठ्ठी वाचली. अक्षर ओळखलं. घडी घालून परत टाकली.

गेले असते तर मी चिठ्ठी वाचल्याचं तिला कळलं असतं.