वीतभर लांबून

प्रिय ठमाबाई,

राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. परवा फोनवर तू म्हणालीस, आई फक्त तुझ्याच हातून जेवते, तूच तिला लाडावून ठेवलंयस. मी फोन ठेवून दिला, कारण पुढे माझ्या तोंडून काय निघालं असतं याचा भरवसा नव्हता. आईला आता चेहरे ओळखू येत नाहीत. तुझा नाही आणि माझाही नाही. ओळखू येतो तो माझा वास. मी जवळ गेले की ती नाक वर करते, बेबी आली म्हणते आणि तोंड उघडते. पन्नाशी उलटलेल्या बाईला बेबी म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय. तो वास नसला, की समोर कुणी परकी बाई बसलीय असं वाटून ती ओठ घट्ट मिटून घेते. यात लाड कुठे आले?

आणि मागच्या खेपेला तू काय केलंस? माझी परफ्यूमची बाटली उचललीस आणि ढेकूण मारायला निघाल्यासारखी फवारलीस. कपड्यांवर, केसांत, वर हवेतसुद्धा. आईला ठसका लागला, तिनं ताट ढकलून दिलं, तर तू तिच्यापुढे रडत बसलीस की अगं, मी तुझी धाकटी. ती घाबरून भिंतीला चिकटली. तू संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याही हातून नीट जेवत नव्हती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. आता वाटू दे.

परफ्यूमच्या काउंटरवर उभी राहून माझे पाय सुजले, गिऱ्हाइकांना शिकवून तोंड दुखलं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला ते लावता येत नाही. लग्नाआधी माझी बाटली चोरून वापरायचीस, तेव्हाही मनगटं एकमेकांवर अशी घासायचीस, जसा काही डाग काढतेयस. घासायचं नाही. घासलं की वास बिघडतो आणि लवकर विरतो. नीट वाच आता. अंघोळ झाली की अंग नुसतं टिपून घे. मनगटांना बिनवासाचं क्रीम लाव, कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. बाटली वीतभर लांब धर आणि एका जागी एकदाच दाब. दोन्ही मनगटांवर, आणि कोपराच्या आतल्या बाजूला, कारण उठवताना तिचं डोकं तिथे टेकतं. बोटांना लागू देऊ नकोस, घास कडू होतो. मग लगेच तिच्याजवळ धावायचं नाही. पहिला भपका ओसरू दे. आणि तुझं ते घमघमणारं तेल इथे आणायचं नाही.

मंगळवारी मला दवाखान्यात दाखल व्हायचंय. छातीतली गाठ काढणार आहेत, बाकीचं नंतर कळेल म्हणतात. तुला बोलवायची माझी मुळीच इच्छा नव्हती. नर्सला तोच वास लावून बघितलं, पण तिचा आवाज कानावर पडला की आई ओठ मिटते. तुझा आवाज तेवढा हुबेहूब माझ्यासारखा आहे, याचाच संताप येतो. सोमवारी ये, माझ्यादेखत एकदा भरवून दाखव. ती तुला बेबी म्हणेल. तिची चूक दुरुस्त करू नकोस, डोळे पुसत बसू नकोस, ओ दे आणि घास पुढे कर. बाटली आरशापुढे ठेवलीय, अर्धी आहे. मला यायला उशीर झाला, तर दुकानात माझ्या काउंटरवरच्या मुलीला तू माझी बहीण आहेस एवढंच सांग, ती दुसरी काढून देईल. आणि मी आलेच नाही, तरी आईला ते कळता कामा नये.

रागावलेली, तरीही तुझीच,
ताई