स्टेशनची पांढरी भिंत

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार करतो, पण हात जरा अवघडूनच जोडतोय.

तब्येत छान आहे. खोलीत हीटर आलाय, आईला सांगा. तुमचा गुडघा काय म्हणतो? रंगकामाला शिडीवर चढत नाही ना अजून?

नवीन काम लागलं. इथल्या स्टेशनात भिंतभर जुनं चित्र होतं, स्टेशन बांधणाऱ्या माणसांचं. सगळी माझ्यासारखी परदेशातून आलेली, डोक्यावर घमेली, कडेवर पोरं. निवडणुकीनंतर नवे लोक सत्तेवर आले आणि म्हणाले, इथला इतिहास इथल्याच माणसांचा हवा, भिंत पांढरी करा. मुकादमाने मलाच धाडलं. "तू कशाला नाही म्हणशील? तुझे राहण्याचे कागद अजून पक्के व्हायचेत," असं हसत म्हणाला. मीही हसलो, बाबा. त्याचीच जास्त लाज वाटते.

तुम्ही शिकवलंत तसा ब्रश लावायच्या आधी भिंतीला हात लावून कपाळाला लावला. सवयच ती. मग बघितलं, तर हात टेकला होता घमेलं घेतलेल्या एका बाईच्या पायांवर.

आपण रंग नेहमी वरून खाली आणतो. मी मात्र त्या पायांपासून वर गेलो. चेहरा आला तेव्हा दुसरीकडे बघत ब्रश फिरवला.

आईने कामाचा फोटो मागितलाय, तो सोबत आहे. रंगाचा हात अगदी तुमच्यासारखा बसलाय, कुठे एक ओघळ नाही. तिला खुशाल दाखवा. तुम्ही फार वेळ बघू नका.

तुमचाच,
धाकटा